न लिहिलेल्या संवादांची अभिनेत्री

ज्या नाट्यपरंपरेत संहिता आधी तयार असते आणि नट तिच्यात नंतर शिरतो, त्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला उत्स्फूर्त नाट्य हा प्रकार प्रथमदर्शनी खेळासारखा वाटतो, आणि तसे वाटणे फारसे चुकीचेही नाही, कारण अमेरिकेत या प्रकाराला आज जे रूप आहे त्याचा जन्म खरोखरच मुलांच्या खेळांतून झाला. उत्स्फूर्त नाट्य म्हणजे ज्यात संवाद, कृती आणि कधीकधी कथासुद्धा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, त्याच क्षणी रचली जाते असे नाट्य. मराठी वाचकाला तमाशातली बतावणी आठवली तर ही कल्पना परकी राहणार नाही, कारण तिथेही सोंगाड्याचा हजरजबाबीपणा हाच प्रयोगाचा प्राण असे, आणि जुन्या वगाचा केवळ सांगाडा ठरवून घेऊन बोलणी ज्याने त्याने फडातच रचण्याची रीत होती. शिकागो शहरात विसाव्या शतकाच्या मध्यावर याच गुणाची पद्धतशीर शाळा उभी राहिली, आणि त्या शाळेतून रंगमंचावर व पुढे रुपेरी पडद्यावर आलेल्या पहिल्या पिढीतील अभिनेत्रींमध्ये बार्बरा हॅरिस यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांना अमेरिकी रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले, रॉबर्ट ऑल्टमन आणि आल्फ्रेड हिचकॉक यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्यांना महत्त्वाच्या भूमिका दिल्या. तरीही त्यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना 'वाया गेलेली गुणवत्ता' असा सूर लावण्याची प्रथा पडून गेली आहे. त्या ज्या शाळेत घडल्या त्या शाळेची मूल्ये समजून घेतल्याखेरीज हा सूर बरोबर की चूक हे ठरवता येत नाही.

या शाळेचे मूळ शिकागोतील हल हाउस या सेवाकेंद्रात सापडते. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थलांतरित कामगारवस्तीत सुरू केलेल्या या केंद्रात नीव्हा बॉइड या समाजशिक्षिका सामूहिक खेळांचे शास्त्र शिकवत असत, आणि १९२०च्या दशकात त्यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन तयार झाल्या. पुढे मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेखाली नाट्यप्रशिक्षणाचे काम अंगावर आले तेव्हा स्पोलिन यांच्यासमोर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, एकमेकांची भाषा धड न समजणाऱ्या कुटुंबांतली मुले बसलेली असत, आणि अशा मुलांना संहिता वाटून काही साधणार नव्हते. म्हणून त्यांनी नाट्यातील प्रत्येक अडचणीचा एक खेळ केला. पात्रे कोण आहेत, कुठे आहेत आणि काय करत आहेत एवढे ठरवायचे, आणि त्यापुढे खेळाडूने आपले सारे लक्ष एकाच ठिकाणी ठेवायचे, मग ते न दिसणाऱ्या दोरीचे वजन असो किंवा समोरच्याच्या हाताची हालचाल असो. या एकाग्रतेच्या जागेला त्यांच्या पद्धतीत 'फोकस' म्हणतात. खेळ चालू असताना शिक्षिका तो न थांबवता बाजूने एखादाच शब्द टाकते, आणि त्या सूचनेला 'साइड-कोचिंग' अशी संज्ञा आहे.

यांपैकी आरशाचा खेळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात. एक संथपणे हात उचलतो, मान वळवतो, काल्पनिक कंगव्याने केस विंचरतो, आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. थोड्या वेळाने शिक्षिका 'बदला' म्हणते आणि प्रतिबिंब होता तो आता पुढाकार घेतो. अदलाबदल हळूहळू वेगाने होऊ लागते, आणि शेवटी दोघांनीही एकमेकांच्या मागे जायचे असते, म्हणजे पुढाकार कोणाचाच उरत नाही आणि तरीही हालचाल चालूच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल, परंतु समोरच्या माणसाकडे मनापासून पाहिल्याशिवाय तो खेळताच येत नाही, आणि स्वतः कसे दिसत आहोत याचा विचार मनात आला की तो तत्क्षणी फसतो. स्पोलिन यांनी असे दोनशेहून अधिक खेळ १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि तो ग्रंथ या क्षेत्रातला आधारग्रंथ ठरला.

खेळांचे व्यावसायिक रंगभूमीत रूपांतर केले ते स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी. १९५३ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या 'प्लेराइट्स थिएटर क्लब' या मंडळीत ते होते, आणि १९३५ साली शिकागोला लागूनच असलेल्या इव्हॅन्स्टन येथे जन्मलेल्या बार्बरा हॅरिस विशीही न गाठता याच मंडळीत दाखल झाल्या. सिल्स आणि डेव्हिड शेपर्ड यांनी जुलै १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या परिसरातील एका मद्यगृहात 'कंपास प्लेयर्स' ही मंडळी सुरू केली, तेव्हा हॅरिस तिथेही होत्या, आणि याच मंडळीतून माइक निकल्स व इलेन मे ही पुढे गाजलेली जोडीही उदयाला आली. शेपर्ड यांचा आग्रह असा होता की नाटक शेजारच्या वस्तीतल्या माणसांच्या जगण्याबद्दल असावे आणि ते त्या माणसांना समजेल अशा बोलीत असावे. म्हणून प्रसंगांचा क्रम तेवढा कागदावर लिहिला जाई आणि संवाद नटांवर सोडले जात. हॅरिस आणि सिल्स यांचा विवाहही याच काळातला, मात्र तो अल्पकाळ टिकला.

'कंपास'चे शिकागोतले काम १९५७ च्या सुरुवातीला थांबले, आणि १६ डिसेंबर १९५९ रोजी सिल्स, बर्नार्ड सालिन्स व हॉवर्ड आल्क यांनी वेल्स स्ट्रीटवरच्या, पूर्वी चिनी लाँड्री असलेल्या जागेत 'द सेकंड सिटी' हे नाट्यगृह उघडले. एका न्यूयॉर्कवासी लेखकाने शिकागोला दुय्यम शहर म्हणून हिणवणारी लेखमाला लिहिली होती, आणि तिचेच शीर्षक या मंडळींनी अभिमानाने पाटीवर चढवले. रंगमंचावर काही खुर्च्या आणि काही टोप्या याखेरीज फारसे सामान नसे. फोन, दार, कॉफीचा पेला, सगळे हवेत असे, आणि नटाच्या बोटांना त्याचे वजन कळले तरच ते प्रेक्षकाला दिसे. मुख्य कार्यक्रम झाल्यावर प्रेक्षकांकडून एखादे स्थळ, एखादे नाते, वर्तमानपत्रातली एखादी बातमी अशा सूचना घेऊन नट नवे प्रसंग रचत, त्यांतले जे जमत ते पुन्हा तालमीत घेऊन घोटले जात, आणि पुढच्या कार्यक्रमात ठरीव प्रवेश म्हणून दाखल होत. अशा सुट्या प्रवेशांच्या व गाण्यांच्या मालिकेला 'रेव्ह्यू' म्हणतात. म्हणजे 'सेकंड सिटी'चा प्रेक्षक जे पाहत असे त्यातला बराच भाग आधी सापडलेला आणि नंतर बसवलेला असे, आणि सापडणे व बसवणे या दोन क्रियांमधला ताण हाच हॅरिस यांच्या पुढच्या सर्व आयुष्याचा धागा आहे.

पहिल्या संचात सात कलाकार होते आणि त्यांत स्त्रिया दोनच, हॅरिस आणि मिना कोल्ब. या आकड्यात एक तांत्रिक अडचण दडलेली आहे. उत्स्फूर्त नाट्याचा प्राथमिक नियम असा की सहकलाकाराने जे मांडले ते नाकारायचे नाही, ते स्वीकारून त्यात आपली भर घालायची. पुढच्या पिढ्यांनी याला 'हो, आणि' असे सुटसुटीत नाव दिले. नियम उदार आहे, परंतु पाच पुरुषांच्या संचात प्रवेशाचे पहिले वाक्य बहुधा पुरुषाच्या तोंडी जाते, आणि त्याने समोरच्या स्त्रीला पत्नी, सेक्रेटरी किंवा नर्स म्हणून संबोधले की तिला ते स्वीकारावेच लागते. संचात स्त्री-पुरुषांची संख्या समान करण्याचा निर्णय या संस्थेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतला, म्हणजे मधली जवळजवळ चार दशके प्रत्येक अभिनेत्रीला दुसऱ्याने दिलेल्या लेबलाच्या आत राहूनच स्वतःचे माणूस घडवावे लागले. हॅरिस यांचे श्रेष्ठत्व नेमके इथे होते. ॲलन आर्किन यांच्यासोबतच्या त्यांच्या गाजलेल्या प्रवेशात कलासंग्रहालयात एका मोकळ्याढाकळ्या बीटनिक तरुणाची आणि एका संकोची, नीटनेटक्या स्त्रीची गाठ पडते. ही स्त्री हास्याचे आयते लक्ष्य झाली असती, पण हॅरिस तिच्या संकोचाखालची ओढ हळूहळू वर येऊ देत, आणि त्यामुळे प्रेक्षक तिला हसता हसता तिच्या बाजूचा होऊन जाई. विनोदी प्रवेशात पात्राची लाज राखणे ही फार थोड्यांना साधणारी गोष्ट आहे.

सप्टेंबर १९६१ मध्ये 'सेकंड सिटी'चा रेव्ह्यू न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर गेला आणि हॅरिस यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. गीतकार-नाटककार ॲलन जे लर्नर यांनी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून संगीत नाटक लिहिले, ते 'ऑन अ क्लिअर डे यू कॅन सी फॉरएव्हर' १९६५ मध्ये रंगमंचावर आले. त्यातली डेझी ही सिगारेट सोडू पाहणारी साधी न्यूयॉर्ककर मुलगी संमोहनाखाली अठराव्या शतकातील मेलिंडा नावाची इंग्रज स्त्री होते, आणि हा बदल खुर्चीतून न उठता, आवाज आणि पाठीचा कणा यांच्या बळावर दाखवायचा असतो. पुढच्याच वर्षी माइक निकल्स यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द ॲपल ट्री'मध्ये त्यांनी एका संध्याकाळी तीन नायिका उभ्या केल्या आणि १९६७ चा टोनी पुरस्कार मिळवला. त्यांतली तिसरी नायिका एला ही चिमण्या साफ करणारी, काजळीने माखलेली मुलगी. केवळ चित्रपटतारका व्हायचे एवढीच तिची इच्छा असते, आणि ती क्षणात सोनेरी झगमगती तारका होते. ही भूमिका रोज रात्री करणाऱ्या अभिनेत्रीला स्वतःला तारका होण्याची मुळीच ओढ नव्हती, हे नंतर स्पष्ट झाले.

ब्रॉडवेवर यशाची शिक्षा म्हणजे पुनरावृत्ती. आठवड्याला आठ प्रयोग, तेच शब्द, त्याच जागा, त्याच ठिकाणी तेच हसू. संहितेच्या परंपरेत वाढलेला नट या पुनरावृत्तीतच खोली शोधतो, परंतु ज्या अभिनेत्रीच्या अंगात क्षणाक्षणाला काहीतरी नवे सापडण्याची सवय मुरली आहे तिला सापडलेलेच पुन्हा सापडल्याचा आविर्भाव करावा लागतो, आणि हा आविर्भाव स्पोलिन यांच्या शाळेत खोटेपणा समजला जातो. १९७० मध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 'महागनी'त काम केल्यानंतर हॅरिस न्यूयॉर्कच्या रंगभूमीपासून दूर झाल्या. 'ऑन अ क्लिअर डे'वरून चित्रपट झाला तेव्हा नायिकेची भूमिका बार्बरा स्ट्रायसँड यांच्याकडे गेली. मूळ भूमिका ज्यांच्यासाठी लिहिली गेली त्यांची डेझी चित्रफितीवर राहिली असती तर, ही हळहळ रंगभूमीच्या अभ्यासकाला आजही वाटते आणि ती रास्त आहे.

चित्रपट हे माध्यम अशा अभिनेत्रीला एका अंगाने सोयीचे आणि दुसऱ्या अंगाने जाचक असते. सोयीचे अशासाठी की एकदा खरा क्षण हाती लागला आणि कॅमेऱ्याने टिपला की तो पुन्हा कधीच करावा लागत नाही. जाचक अशासाठी की तो क्षण तुकड्यातुकड्यांत, कथेच्या क्रमाबाहेर, प्रेक्षकाच्या प्रतिसादाविना घ्यावा लागतो, आणि एकाच शॉटचे अनेक टेक झाले की पुनरावृत्ती दुसऱ्या दाराने आत येते. 'अ थाउजंड क्लाउन्स' (१९६५) या पहिल्याच चित्रपटात हॅरिस यांनी बालकल्याण खात्यातल्या मानसशास्त्रज्ञ तरुणीची भूमिका केली. नियमांचा कागद हातात घेऊन आलेली ही तरुणी कामाच्या पहिल्याच भेटीत कोसळते, रडते, आणि त्या रडण्यातून तिचा खरा स्वभाव मोकळा होतो. डस्टिन हॉफमन नायक असलेल्या, १९७१ च्या 'हू इज हॅरी केलरमन'मध्ये (पूर्ण नाव बरेच लांबलचक आहे) त्यांनी तारुण्य सरत चाललेली, निवडचाचणीला आलेली गायिका साकारली. चित्रपट चालला नाही, पण त्या प्रवेशांच्या बळावर त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले.

त्यांच्या प्रशिक्षणाला खऱ्या अर्थाने जागा मिळाली ती ऑल्टमन यांच्या 'नॅशव्हिल'मध्ये (१९७५). कंट्री संगीताची राजधानी असलेल्या या शहरात निवडणूक प्रचाराच्या पाच दिवसांत चोवीस पात्रांच्या वाटा एकमेकींना छेदून जातात असा त्याचा आराखडा आहे. जोन ट्यूक्सबरी यांची पटकथा हाताशी असली तरी नटांनी आपापली पात्रे स्वतः भरत न्यावीत, काहींनी गाणीही स्वतः रचावीत अशी मुभा होती. ऑल्टमन नटांच्या अंगावर वेगवेगळे मायक्रोफोन लावून आठ स्वतंत्र पट्ट्यांवर ध्वनी मुद्रित करत, त्यामुळे कोणाचे बोलणे अंतिम चित्रपटात ठळक होईल हे चित्रीकरणाच्या वेळी नटाला कळत नसे आणि प्रत्येकाला सतत पात्रातच राहावे लागे. हॅरिस यांची अल्बुकर्की ही नवऱ्याला चुकवून पळालेली, गायिका होण्याच्या ध्यासाने शहरभर फिरणारी स्त्री आहे. मोटार शर्यतीच्या मैदानावर तिला एकदाची गाण्याची संधी मिळते, पण इंजिनांच्या घरघराटात तिचा एक स्वरही ऐकू येत नाही. ओठ हलताना दिसतात, हात लयीत फिरताना दिसतात, आणि आवाज तेवढा नसतो.

अखेरचा प्रसंग शहरातील पार्थेनॉनच्या, म्हणजे १८९७ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या ग्रीक मंदिराच्या प्रतिकृतीच्या पायऱ्यांवर घडतो. प्रचारसभेत लोकप्रिय गायिकेवर गोळ्या झाडल्या जातात, गर्दीत गोंधळ माजतो, जखमी झालेला ज्येष्ठ गायक कोणीतरी गावे म्हणून हातातला मायक्रोफोन पुढे करतो आणि तो अल्बुकर्कीच्या हाती येतो. ती चाचपडत सुरुवात करते, नजर इकडेतिकडे जाते, आपल्याला कोणी थांबवत नाही याची खात्री पटेपर्यंत आवाज पूर्ण उघडत नाही. मग मागचा गॉस्पेल गायकवृंद सूर धरतो आणि तिचा आवाज मोकळा होत जातो. मृत्यूच्या सावलीत मिळालेल्या संधीचा तिला होणारा आनंद इतका निरागस आहे की पाहणाऱ्याला तो सहन होत नाही आणि त्यावरून नजरही हटत नाही. आरशाच्या खेळातला तो टप्पा, जिथे कोण कोणाच्या मागे जात आहे हे उरतच नाही, तो गर्दी आणि गायिका यांच्यात इथे प्रत्यक्ष घडताना दिसतो, आणि अमेरिकी चित्रपटातील उत्स्फूर्त अभिनयाचा याहून मोठा नमुना दाखवणे अवघड आहे.

पुढच्याच वर्षी त्या अगदी विरुद्ध प्रकृतीच्या दिग्दर्शकाकडे गेल्या. हिचकॉक प्रत्येक शॉट आधी कागदावर रेखाटून घेण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि 'फॅमिली प्लॉट' (१९७६) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यात हॅरिस यांनी आत्म्यांशी बोलण्याचे सोंग करणारी ब्लँश टायलर रंगवली आहे. सुरुवातीच्या बैठकीत ती डोळ्यांवर हात धरून परलोकातल्या मार्गदर्शकाचा जाडाभरडा आवाज काढते, आणि बोटांच्या फटींतून समोरच्या श्रीमंत वृद्धेच्या चेहऱ्यावर काय उमटते ते न्याहाळत आपले पुढचे वाक्य ठरवते. म्हणजे ब्लँश स्वतःच उत्स्फूर्त नाट्य करणारी आहे, प्रेक्षकाच्या सूचनेवर प्रसंग रचणारी आहे, फक्त तिच्या प्रेक्षकाला खेळ चालू असल्याचे ठाऊक नाही. हिचकॉक यांच्या आखीव चौकटीत एवढी हालती, अस्थिर, जिवंत व्यक्ती क्वचितच दिसली असेल. चित्रपटाच्या अगदी शेवटी ती जिन्यावर बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहत डोळा मिचकावते, आणि त्यामुळे हिचकॉक यांच्या पन्नासहून अधिक चित्रपटांच्या कारकिर्दीतला अखेरचा शॉट शिकागोतल्या जुन्या लाँड्रीत घडलेल्या या अभिनेत्रीचा ठरला. त्याच वर्षीच्या डिस्नेच्या 'फ्रीकी फ्रायडे'त आई आणि किशोरवयीन मुलगी यांच्या शरीरांची अदलाबदल होते. जोडी फॉस्टर यांची मुलगी हॅरिस यांच्या देहात वावरते, स्केटबोर्डवर स्वार होते, घरकामापुढे भांबावते, आणि त्यात प्रौढ बाईने पोरकटपणाची केलेली नक्कल कुठेच जाणवत नाही.

याच सुमारास, ऑक्टोबर १९७५ मध्ये, 'सॅटरडे नाइट लाइव्ह' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि टोरोंटोच्या 'सेकंड सिटी'तून आलेल्या गिल्डा रॅडनर त्याच्या पहिल्या संचात दाखल झाल्या. उत्स्फूर्त नाट्यगृह, तिथून दूरचित्रवाणी, तिथून चित्रपट अशी एक शिडी त्यानंतर तयार झाली. कॅथरीन ओ'हारा, टीना फे यांसारख्या अभिनेत्री तिच्यावरूनच चढल्या, आणि ओ'हारा यांच्या वाट्याला तर ख्रिस्तोफर गेस्ट यांचे 'बेस्ट इन शो'सारखे चित्रपट आले, ज्यांत 'कंपास'प्रमाणेच आराखडा लिहिलेला आणि संवाद नटांवर सोडलेले असत. हॅरिस यांच्या पिढीला ही शिडी नव्हती. तरीही केवळ काळाला दोष देणे अपुरे ठरेल, कारण त्यांनी उतारवयातील एका मुलाखतीत सांगितले होते की प्रसिद्धीचा ससेमिरा टाळण्यासाठी आपण पडतील असे वाटणारेच चित्रपट निवडत असू. यशाच्या सरळ हिशेबात हे विधान आत्मघातकी वाटते. परंतु ज्या कलेत निष्पत्तीपेक्षा ती सापडण्याची प्रक्रिया मोलाची मानली जाते, आणि खेळ पाहायला कोणी आहे की नाही यावर त्याचे मोल ठरत नाही, त्या कलेत वाढलेल्या व्यक्तीच्या तोंडी ते सरळ आणि प्रामाणिक आहे. 'वाया गेली' हा निकाल तारकापदाच्या मापाने दिलेला आहे, आणि ते माप त्यांनी स्वतः कधी स्वीकारलेच नव्हते.

१९८०च्या दशकात भूमिका विरळ होत गेल्या. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या 'पेगी सू गॉट मॅरिड'मधील आई ही त्यांतली लक्षात राहणारी. पुढे त्या ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे स्थायिक झाल्या, अभिनयाचे वर्ग घेऊ लागल्या आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी तिथेच निवर्तल्या.

त्यांचा शेवटचा चित्रपट 'ग्रॉस पॉइंट ब्लँक' (१९९७). नायक जॉन क्युसॅक यांचे नाट्यशिक्षण इव्हॅन्स्टनच्या पिव्हन कार्यशाळेत झाले होते, आणि ती चालवणारे बर्न व जॉइस पिव्हन हे दांपत्य 'प्लेराइट्स थिएटर क्लब'मध्ये हॅरिस यांचे सहकारी होते; त्या कार्यशाळेत शिकवले जाणारे खेळही स्पोलिन यांचेच. संग्रहालयातला तो बीटनिक, ॲलन आर्किन, याच चित्रपटात नायकाच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत आहे. हॅरिस यांच्या वाट्याला शुश्रूषागृहातला एक छोटा प्रवेश आला. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला मुलगा स्मृती विस्कटलेल्या आईला भेटायला येतो. ती त्याला ओळखते, बोलता बोलता तिचा धागा सुटतो, तो पुन्हा सापडल्यासारखा वाटतो, आणि अखेरीस समोर बसलेल्या या देखण्या तरुणाकडे ती अगदी ताज्या, प्रसन्न कुतूहलाने पाहते आणि त्याला त्याचे नाव विचारते.